इतिवृत्त : मेचा शेवटचा रविवार

जागा नेहमीचीच. अक्कलकोट रोड, एमआयडीसी,
माझ्या टॉवेल कारखान्याचं वरचं ऑफिस.
शेजारी आमचं बिऱ्हाड, खाली माग.
आज सुट्टी, माग बंद,
तरी फरशीत त्यांची थरथर आहेच,
की माझ्या तळपायात असेल.

उपस्थिती पाच.
ब्रिगेडियर हत्तुरे, निवृत्त.
कर्नल बिराजदार, निवृत्त.
विंग कमांडर गंजाळे, निवृत्त.
मेजर तांबोळी, निवृत्त.
आणि अंबादास येमूल. मी.
माझ्यापुढे काही लिहायचं नसतं.
पाचव्या टर्मला आठ फुटी भिंतीवरून पडलो,
गुडघा गेला,
वैद्यकीय मंडळानं तीन ओळींत
सोलापूरला परत पाठवलं.
प्रबोधिनीचा टाय अजून आहे,
तो आजच्या दिवशी घालतो, बेचाळीस अंशांतही.
टेबल माझं, पंखा माझा, वही माझी,
म्हणून मला बोलावतात.
खरं तर बोलावतो मीच.

विषय : रसद.
टेबलावर चादर, आमचीच, दुसऱ्या दर्जाची,
एका कडेला धागा चुकलेली.
एक चौकडी म्हणजे एक किलोमीटर.
चुकलेला धागा म्हणजे नाला.
शेंगाचटणीची वाटी हा डोंगर,
मीठदाणी ही चौकी,
कडक भाकरीचे तुकडे हे रणगाडे
(त्यातले तीन विंग कमांडरांनी
चर्चा सुरू व्हायच्या आत खाल्ले.
हवाई हल्ला, म्हणाले).

हत्तुरे म्हणाले, लढाई पोटावर चालते.
गंजाळे म्हणाले, आता वरून प्रत्येक पोट दिसतं,
झाकून कुठं ठेवाल?
बिराजदारांनी टेबलावर बोट आपटलं :
दिसलं म्हणजे मिळालं का ओ?
जमीन बुटाखाली लागते!
वाटी हलली. डोंगर थोडा सांडला.
हे असंच, अकरा वर्षं.
मी लिहितो : साधकबाधक चर्चा झाली.

मेजर तांबोळींनी अकरा वर्षांत
चहात साखर जास्त आहे
एवढंच मत नोंदवलंय.
आज त्यांनी हात पुढं केला.
वाटीमागं, पुस्तकात दाखवतात तिथं ठेवलेली
मीठदाणी उचलली,
नाल्यापलीकडं दोन चौकड्या पुढं नेली,
आणि ठेवली. आवाज न करता.

इथं होतो आम्ही, म्हणाले.
दारूगोळा शेवटपर्यंत पुरला.
पाणी नाही पुरलं.

पंखा फिरत राहिला.
कर्नल चष्मा पुसू लागले, स्वच्छच होता.
मी पेन उघडं धरून बसलो,
शाईनं बोटाला डाग पडेपर्यंत.

मग बिऱ्हाडातून सरोजाची हाक :
नीळ्ळु वच्चिनय!
पाणी आलं, पाचव्या दिवशी,
आणि सगळे असे उठले
जणू कुणी सुटकेचा हुकूम दिला.
जिन्यावर रांग लागली, कळशी हातोहात,
ब्रिगेडियर मधल्या पायरीवर,
हवाई दल गच्चीवर,
आणि खाली, जिना चढता न येणारा मी ओरडतोय :
निळं पिंप आधी! ते नव्हे, निळं!
आयुष्यातली पहिली तुकडी.
सगळ्यांनी ऐकलं.

नळीपाशी तांबोळी होते.
निळं पिंप भरलं, काठापर्यंत आलं,
काठावरून वाहू लागलं,
त्यांच्या चपलांवरून, फरशीवरून, गटाराकडं.
ते बघत होते.
ह्या गावात वाहतं पाणी बघून
कुणी गप्प बसत नाही.
सरोजा तर शेजारच्याचंही बंद करून येते.
ती दारात उभी राहिली, पदर कमरेला,
तोंड उघडलं, आणि मिटलं.

चहा दोन वेळा झाला. साखर कमी.
पुढची बैठक जूनच्या शेवटच्या रविवारी.
विषय ठरला नाही.
चादर आवरायची आहे,
पण मीठदाणी
मी अजून उचललेली नाही.