न्यायला कुणी आलं नाही

ग्युमरीत ह्राचिकच्या स्टुडिओत
वडलांच्या काळचं एक खोकं आहे :
पैसे भरलेले, पण कुणीच न नेलेले फोटो.

थंडीत गिऱ्हाईक नसतं.
शेजारचा न्हावी वारतान कॉफी घेऊन येतो
आणि शेगडीपाशी बसून दोघं
या माणसांची लग्नं लावतात, मोडतात.
एका मिशाळाला तर त्यांनी दोनदा मारलाय.

सगळ्यांत लाडकी ती, गालाला हात लावलेली,
नजर चौकटीबाहेर.
वारतान म्हणतो, तिथं दारात शिपाई उभा आहे,
गाडी सुटायला तासभर.
ह्राचिक म्हणतो, छे, कर्जदार बाप.

परवा एक म्हातारी आली, बुटांचा बर्फ झटकत.
फोटो बघून खुदकन हसली.
"दाढ ठणकत होती मेली!
तुझा बाप म्हणाला, हात राहू दे तसाच."

वारतानला राहवेना,
त्यानं शिपायाचं सांगून टाकलं.

तिनं फोटो पिशवीत ठेवला,
वाळल्या जर्दाळूंच्या पुडीशेजारी.
उंबऱ्याशी थबकली.
पाठमोरीच म्हणाली,

"दिसायला कसा होता रे?"