भाकरी अमर्याद

मैदान थाळी म्हणतात तिला.
हातगाडीच्या चाकाएवढी परात,
मधी मटणाचा डोंगर, एका अंगाला तांबडा, एका अंगाला पांढरा,
खिमा, आठ अंडी, खर्डा, बादलीभर भात.
बोर्डावर खडूनं लिवलंय: पंचेचाळीस मिनिटं.
संपवली तर फुकट, वर पाच हजार, भिंतीवर फोटो.
न्हाई संपली तर बाराशे रुपये.
खाली बारीक अक्षरात:
पार्सल मिळणार नाही. भाकरी अमर्याद.

माझी जागा मागं, चुलीपाशी.
भाकरीमागं दोन रुपये.
दर भाकरीला कोळशानं भिंतीवर एक रेघ.
रात्री मालक मोजतो, पैसे देतो,
ओल्या फडक्यानं भिंत पुसतो.
चोख माणूस. एक रेघ इकडची तिकडं न्हाई.

खाणारी माणसं मला दिसत न्हाईत,
परत आलेली परात दिसते.
गंगावेशीतल्या एका पैलवानानं
हाडं अशी चाटली होती की धुवायची गरज नव्हती,
आणि भात जसाच्या तसा.
एकाचा मोबाईल तांबड्यात बुडालेला.
दोस्तांनी पैजेवर बसवलेल्या एका नवरदेवानं
भाताखाली मटण दडवलं होतं,
शाळेच्या डब्यात कारल्याची भाजी दडवावी तसं.
जिंकलेली तिघंच.
त्यांच्या परातीत वाचायला काय नव्हतं.

पण भाकरी सगळ्यांची दोन, फार तर तीन.
चौथी मोडून कडंला टाकलेली.
जिंकायला आलेला माणूस भाकरीला भितो, ती पोटात फुगते.
म्हणून तर मालकाचा हात
अमर्याद लिवताना थरथरला न्हाई.

त्या बुधवारी बाहेर शिट्ट्या चाललेल्या.
मेहबूब आला: मावशी, भाकरी.
परत आला: मावशी, भाकरी.
सहावीला मी म्हटलं, खाली पाडलीस का रं?
आठवीला बाहेरच्या शिट्ट्या थांबल्या.
नववीला तो हळूच म्हणाला,
मटणाला हात लावला न्हाई अजून.
तांबड्यात बुडवतोय आणि नुसती भाकरी खातोय.
मालक गल्ला सोडून उठलाय.

मी पाणी पुन्हा उकळलं, पीठ नव्यानं मळलं.
दहावी मेहबूबकडं दिली.
अकरावी न्हाई दिली.
पदराला हात पुसले आणि मीच घेऊन गेलो.

एवढा उजेड असतो व्हय बाहेर.
पोरगं शिरोलीच्या फौंड्रीतलं, खिशाला काळ्या बोटांचा ठसा,
कानाच्या पाळ्या लालभडक.
दोस्तांनी मोबाईल खाली घेतलेले.
भिंतीवरल्या घड्याळाकडं त्याची पाठ होती.
मी भाकरी परातीत ठेवाय वाकलो,
तर त्यानं ती मधीच हातात घेतली,
कडंवरनं अंगठा फिरवला,
म्हणाला, कडा पातळ हाईत.
दुसरं काय बोलला न्हाई.
मला सुचलं पण न्हाई काय.

आत आलो तवर तव्यावरची बारावी करपली होती.

भोंगा वाजला. हरला.
बाराशे दोस्तांनी वर्गणी काढून भरले.
पार्सल मिळणार नाही, म्हणून
तो डोंगर आम्ही रात्री शटर ओढून खाल्ला:
मेहबूब, भांड्यावरची गिरिजा, आणि मी.
मालक पण बसला एका कडंला,
एक नळी घेऊन, गप.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर
अमर्याद पुसून त्यानं पाच लिवलं.
सकाळी बाराशेत थाळी विकलेला माणूस
पिठाला घाबरला होता.

त्या रात्री त्यानं मला बावीस रुपये मोजून दिले.
करपलेली धरली न्हाई. बरोबरच हाय.
मग फडकं भिजवून भिंतीशी आला.
म्हटलं, एवढ्या अकरा राहू द्या.
का, म्हणाला.
म्हटलं, ओल्या भिंतीला पोपडं येतात मालक.

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग भिंतीकडं,
आणि अकरा सोडून
बाकीची सगळी भिंत पुसली.