चकती

मॉनिटरचं मागचं झाकण उघडलं की
आधी एक हात खिशात घालायचा.
हेडाऊंचा पहिला नियम.
वीज एका हातातून शिरते, दुसऱ्यातून निघते,
"अन् मधात तुह्यं काळीज हाये बे."
मग लांब स्क्रूड्रायव्हर, गळ्यात तार बांधलेला,
रबरी टोपीखाली हळूच सरकवायचा.
कट्ट.
चार दिवस बंद पडलेली काच
तेवढ्यापुरती एक शब्द बोलते.

गांधीबागेत, जिन्याखाली, दीड माणसाचं दुकान.
मे महिन्यात सोल्डर लवकर थिजत नसे
आणि कूलर लावावा तर राळेचा धूर थेट डोळ्यांत.
जॉयस्टिक उघडली की तर्रीचा वास,
बटणांच्या फटीत शेवेचे तुकडे,
एकदा तर एक दुधाचा दात निघाला,
तो त्यांनी कागदात बांधून पार्लरवाल्याला परत पाठवला:
"पोट्टं शोधत असन."

बाप विणकर होता त्यांचा, पाचपावलीचा.
म्हणूनच असेल, वायरींचा जुडगा
मेणदोऱ्यानं बांधताना ते बोलायचे नाहीत.
बोटभर अंतरावर गाठ, पुन्हा बोटभर, पुन्हा गाठ.
मी विचारलं, इतकं कायले? आत कोण पाहते?
"ज्याले पुढच्या खेपेस उघडा लागन, तो."
पुढच्या खेपेस तेच उघडणार होते.

आता रुपयाची गोष्ट.
नाणं आत पडलं की एका छोट्या तराजूवर बसतं,
वजन पटलं तर घरंगळत पुढे,
वाटेत चुंबक. लोखंडाचं काही असलं तर
तिथेच धरून ठेवायचं, हे त्याचं काम.
मग नवा रुपया आला. पोलादी, चकचकीत, अंगानं लहान.
सक्करदऱ्यापासून सदरपर्यंत सगळ्या पेट्यांनी
खरा रुपया खोटा म्हणून अडवला.
पोरं पेट्यांना लाथा मारत होती.
हेडाऊ सायकलवर फिरून
एकेका पेटीतला चुंबक काढत गेले,
तराजूचा काटा कानशीनं घासून हलका करत गेले.

त्याच आठवड्यात
माझ्या बापाच्या कूलरच्या कारखान्यात
स्टँडच्या जाड पट्टीला भोक पाडताना
खाली पडणारी लोखंडी चकती
मी पहिल्यांदा नीट पाहिली.

दीड महिना.
दुपारी, बाप झोपला की, कानस.
रुपया वर ठेवायचा, कडेनं नख फिरवायचं,
जरा जास्त वाटलं तर आणखी दोन हात.
बेचाळीस चकत्या. बेचाळीस डाव.
तोंडावर हसू नव्हतं माझ्या, सांगतो,
कारण मला तेव्हा खेळाहून घासण्याचाच नाद लागला होता.

गल्ला उघडला तेव्हा मी तिथेच होतो.
हेडाऊंनी चकत्या तळहातावर पसरल्या,
एक उचलून कडेवरून अंगठा फिरवला.
मालक, दुलीचंद, काउंटरमागे दही खात होता.
हेडाऊंनी खिशातून दोन वीस-वीसच्या नोटा काढल्या, वर दोन रुपये,
गल्ल्यात टाकले, चकत्या पिशवीत ओतल्या,
आणि झाकण लावताना माझ्याकडे न पाहता म्हणाले,
"उद्या येजो दुकानात. कानस घेऊन येजो."

त्यांनी ते बेचाळीस रुपये माझ्या पगारातून कापले का,
मला आठवत नाही. बहुधा कापले.

आता धरमपेठेतला एक कॅफेवाला जुनी पेटी घेऊन येतो.
म्हणतो, नाणं नको, फुकट चालू द्या,
फक्त लाइट लागले पाहिजेत, फोटोत छान दिसते.
मी लाइट लावतो.
काचेवर वर्षानुवर्षं जळून बसलेली अक्षरं
वीज नसतानाही नाणं मागतात, ती पुसता येत नाहीत.
त्यानं न सांगितलेलं कामही करतो:
नाण्याची वाट साफ, तराजूला तेलाचा थेंब,
कुठून तरी मिळवलेला चुंबक परत जागेवर.
मग पाकिटातली ती एक उरलेली चकती
वरून सोडतो.

घरंगळते, अडकते, लटकून राहते.
बोटानं सोडवून घेतो.
जुडग्याची शेवटची गाठ बांधतो,
आणि मागचं झाकण लावताना
दुसरा हात आपोआप खिशात जातो.