अब इनीत्सिओ

कासालेच्या धर्मन्यायालयात
एकोणीस वर्षं मी निकाल टाइप करतो.
दोन लॅटिन शब्द बोटांनाच पाठ झालेत:
अब इनीत्सिओ.
म्हणजे आरंभापासून.
म्हणजे लग्न मोडलं असं नव्हे,
ते मुळात लागलंच नव्हतं.

ओर्सोलाबाई निकाल घ्यायला आल्या
तेव्हा बुटांना भातखाचरातला चिखल होता.
"आरंभ म्हणजे नेमका कुठला?
वेदीपुढचा,
की तार्चिझिओनं मला सायकलवर डबलसीट
नदीपलीकडे नेलं, तिथला?"

डॉन एवाझिओ चष्मा पुसत राहिले.
सायकलीबद्दल कायद्यात काही नाही.

"आणि लिविया?"
मुलगी कायदेशीरच, मी म्हणालो,
ते कलम वेगळं आहे.
"अस्सं. बुडखा नाही,
शेंडा मात्र आहे."

सही करताना त्यांनी डावं बोट पुढे केलं.
लग्नाच्या तिसऱ्या दिवशी
त्याच्यासाठी कांदा चिरताना कापलेलं.
व्रण अजून पांढरा, तांदळाएवढा.
"ह्याचं काय लिहिता तुम्ही?"

मी शिक्का मारला.
शाई जरा जास्तच लागली.
बाई कागद वाळेपर्यंत उभ्या राहिल्या,
मग घडी घालून
पावाच्या पिशवीत ठेवून गेल्या.

संध्याकाळी कार्यालयाची प्रत चाळताना दिसलं:
लग्नाची तारीख चुकली आहे.
अकराच्या जागी मी सतरा टाइप केलंय.

आता उद्या त्यांना परत बोलवायला हवं.
जे लग्न झालंच नाही
त्याची तारीख
बरोबर लागते.