गाडीतला माणूस

आमच्या बेटावर रविवारी बागेतल्या झोपाळ्यांनाही साखळी घालतात.
दोरीवर एखादा टॉवेल दिसला
तर तो आठवडाभर पुरतो बोलायला.
अशा गावात टॉर्क्विल
दर रविवारी बहिणीला चर्चच्या फाटकाशी सोडतो
आणि स्वतः गाडीतच बसतो. दोन तास.
काच चार बोटं खाली, मांडीवर थर्मास.
इंजीन बंद. तेवढा मान तो राखतो.

कशाचा मान, हे विचारायची
एकोणीस वर्षांत माझी छाती झाली नाही.

माझी जागा खिडकीपाशी, म्हणून मला सगळं दिसतं.
म्हणजे दिसतं, आणि दिसलं नाही असं दाखवावं लागतं.
म्हातारा केनेथ गाडीपाशी आला की हॅट अर्धी उचलतो.
अर्धी म्हणजे किती, हे त्यानं वर्षानुवर्षं घोटून ठरवलंय:
शेजाऱ्याला पुरेल, देवाला खुपणार नाही.
एफी नाक मुरडते. पण शनिवारी रात्री
तिच्या सूपचं भांडं त्याच्या उंबऱ्यावर असतं,
झाकणाला बायबलमधलं वचन चिकटवलेलं.
तो सूप पितो, भांडं घासून परत देतो,
वचनाला पाणी न लागू देता.

एकदा कुणीतरी वायपरखाली
हातानं लिहिलेलं पत्रक खोचलं:
नरकाची तयारी झाली का?
सोमवारी ते चर्चच्या पेटीत परत आलं.
तीन चुका लाल शाईत दुरुस्त,
खाली शेरा: अक्षर सुधारलंय.
कुणाचं अक्षर, ते गावाला लगेच कळलं.
आम्हा सगळ्यांना वाचायला त्यानंच शिकवलं.
ज्या पुस्तकातून मी देवाची स्तोत्रं वाचते
त्यातलं अक्षर न् अक्षर
आधी त्याच्या खडूनं फळ्यावर उमटलेलं.
हे प्रवचनात कधी येत नाही.

प्रवचन मात्र त्याच्यावरच असतं, नाव न घेता.
पाद्री 'हट्टी मेंढरू' म्हणतात
आणि सगळ्या माना सरळ राहतात,
इतक्या सरळ
की खिडकीकडे न वळण्याचे कष्ट ऐकू येतात.

त्याची मोराग गेली तेव्हा आम्हाला वाटलं, आता येईल.
खरं सांगते, नुसतं वाटलं नाही,
आम्ही वाट बघत होतो,
चुलीवरच्या दुधाकडे बघावं तशी.
घरातल्या प्रार्थनेला तो टोपी काढून उभा राहिला,
डोळे उघडे.
मला ठाऊक आहे, कारण माझेही उघडे होते.

मग या फेब्रुवारीत एका रविवारी गाडी नव्हती.
किर्स्टी दुसऱ्या कुणाबरोबर आली.
हर्निया, म्हणाली. स्टोर्नोवेचं इस्पितळ.
पाद्रींनी मेंढरू काढलं, आणि मध्येच अडले.
कागद खालीवर केले.
पहिल्यांदाच त्यांना आमच्याकडे बघावं लागलं.
स्तोत्राची ओळ पुढच्यानं उचलून दिली,
आम्ही ती आपापल्या संथपणे घेतली, नेहमीसारखीच,
पण आवाज छतापाशीच घुटमळला.
इतकी वर्षं आम्ही गात होतो
ते त्या चार बोटांच्या फटीतून आत जावं म्हणून,
हे मला तेव्हा कळलं, आणि आवडलं नाही.

चौथ्या रविवारी गाडी परत उभी.
केनेथनं हॅट पुरती काढली
आणि मग स्वतःच दचकला.
मी काचेशी थांबले. म्हटलं, गारठा आहे.
म्हणाला, आहे.
म्हटलं, आत हीटर लावलाय.
त्यानं घड्याळाकडे बघितलं,
वर्गाच्या दारात बघायचा तसंच.
'डोलिना, तुला उशीर होतोय.'

मी पळत गेले. त्रेसष्टाव्या वर्षी.

त्याच्यासाठी मी अजून रोज प्रार्थना करते.
नेमकं काय मागते, ते पूर्वी सांगता यायचं.