पंखा लावू नकोस

अश्विनातलं ऊन जेल रोडच्या गच्चीवर
दहालाच चटके देतं.
गोधड्या पसरल्या की मधोमध
भोपळी येऊन बसते
(मांजर काळं; नाव मुलीने ठेवलेलं).

प्रेसमधून रिटायर झाल्यापासून हे
माझ्या पुरणाच्या ताटात तिकिटं भिजवतात,
चिमट्याने उचलून पेपरवर वाळत घालतात.
‘पंखा लावू नकोस’
एवढंच काय ते सकाळपासूनचं बोलणं.

माळा झाडून घामाघूम मी,
पंखा लावलाच.
हंगेरीचा निळा पक्षी उडाला तो उडालाच.

तिन्हीसांजेला, हवा जरा निवल्यावर,
गोधड्यांच्या घड्या घालताना
भोपळीने चाटायला पंजा वर केला:
तळव्याला पक्षी.

हे धावत आले, म्हणाले, हलू नकोस.
तिला की मला, कळेना.
दोघीही हललो नाही.