कालची जागा

टोलीडोच्या त्या इस्पितळाला गाड्यांसाठी सहा मजले आहेत.
दर मजल्याला एक रंग.
किल्ली हातात घेऊन खांबाखांबांतून फिरतेय
आणि गाडी नाही.

म्हणजे, आहे.
केशरी खांबापाशी आहे, रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे ओघळ अंगावर घेऊन;
जांभळ्यात आहे, तिरकी, एक चाक रेघेवर;
जिन्यालगत आहे, जिथं दारात मफलर अडकला होता.
एकूण एक जागा लख्ख दिसते.
त्यातली आजची कुठली, तेवढंच कळत नाही.

टेरेन्स त्याची बुटकी बॅटरीगाडी घेऊन येतो.
"बसा. किती दिवस येताय?"
एकेचाळीस, मी म्हणते.
"मग बरोबर आहे. पहिल्या दिवशी कुणी चुकत नाही."

खरंच. पहिला दिवस अजून जागच्या जागी आहे:
कुंदा म्हणाली, तुझी चप्पल वाजते, हळू चाल.
पुढचे सगळे एकमेकांच्या अंगावर पडलेत.
पडदा सरकव. पाय दाब जरा.
त्या पोरीला सांग, चहा असा नसतो.
पडदा सरकव.

आणि काल?
काल निघताना दारापाशी मी कोट घालत होते,
ती काहीतरी म्हणाली.
मी "हो हो" म्हटलं.
कशाला हो म्हटलं?

विचारलं की सगळ्या संध्याकाळी हात वर करतात
चौथीच्या वर्गासारख्या: बाई मी, बाई मी!
पुढच्या बाकांवरचे तर ओरडतातच.
ज्याला उत्तर येतंय
ते पोर मागे कुठंतरी, खाली मान घालून.

मी किल्लीचं बटण दाबते.
गाडी ओरडते,
पण काँक्रीटमध्ये आवाज चारी बाजूंनी येतो.

सापडली निळ्यात.
निळ्यात मी लावली होती हे
समोर बघूनही आठवत नाही.

इस्पितळानं दिलेली पिशवी शेजारच्या सीटवर ठेवते:
लोकरी मोजे, चष्मा, अर्धं सोडवलेलं शब्दकोडं,
आडवे सात रिकामंच.

"उद्यापासून खांबाचा फोटो काढत जा,"
टेरेन्स म्हणतो.

मी हो हो म्हणते.